सोलापुरात वंचित मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण शाळा काढायची तर: पहिल्या तुकडीपासून दुसऱ्या केंद्रापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. अशोक चौकाजवळ १,२०० चौरस फुटांचा हॉल एका हितचिंतकाने पाच वर्षांसाठी विनाभाडे देऊ केला आहे. १५ लाख रुपये जमले आहेत. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरातल्या, आठवी ते बारावीच्या मध्ये शिक्षण सुटलेल्या मुलामुलींसाठी आयटीआयच्या धर्तीवर पाच कोर्सची शाळा काढायची आहे. नोंदणी कोणती, कोर्स कोणते, सरकारी योजना घ्यावी का आणि पुढे वाढवायचे कसे?

पाच कोर्स नकोत, एकच घ्या. १५ लाखांत पाच कोर्स म्हणजे पाच अर्धवट खोल्या आणि पाच अर्धवेळ शिक्षक. पण पैशापेक्षा मोठे कारण वेगळे आहे. या मुलांसाठी शाळेची खरी फी म्हणजे बुडणारी मजुरी. हेल्पर म्हणून रोज ३०० रुपये आणणारा मुलगा तीन महिने तुमच्याकडे बसला, तर महिन्याला २६ दिवस धरून घरात २३,४०० रुपये कमी येतात. तुम्ही ‘मोफत प्रशिक्षण’ असा फलक लावता तेव्हा त्याची आई हा हिशेब मनात करत असते. मुलगी घरी विड्या वळत असेल तर तिच्या हजारामागची मजुरी बुडतेच, शिवाय धाकट्याला सांभाळायचे कोणी हा प्रश्न उरतो. कोर्स किती महिन्यांचा, वेळ कोणती, कोणता धंदा शिकवायचा, पैसे कशावर खर्चायचे, हे सगळे निर्णय या एका हिशेबावरून घ्या. मशीन कोणत्या कंपनीचे हा प्रश्न खूप नंतरचा.

म्हणून कोर्स चार महिन्यांचा, रोज चार तास. २६ दिवसांप्रमाणे ४१६ तास होतात. एका हुन्नरात हात बसायला तेवढे पुरतात आणि उरलेल्या वेळात मूल थोडेफार कमावू शकते. वर्षभराचा कोर्स कागदावर भारदस्त दिसतो, पण या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळती सुरू होते. वेळ ठरवण्याआधी वस्तीत जाऊन विचारा. विडी घरकुलातल्या बायका कारखान्यात माल द्यायला किती वाजता जातात, पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येते, मागावरची पाळी कधी बदलते. सोलापुरात पाण्याची वेळ न विचारता लावलेल्या सकाळच्या तुकडीत मुलींची हजेरी पाण्याच्या दिवशी निम्मी होते आणि संस्थाचालक ‘यांना शिकायचेच नाही’ म्हणून मोकळे होतात. मुलींसाठी बहुतेक वस्त्यांत दुपारी १२ ते ४ सोयीचे पडते, काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी साडेसहानंतरचे. रमजानमध्ये संध्याकाळच्या तुकडीची वेळ मागेपुढे करावी लागते. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, कोजागरीला तुळजापूरची पायी वारी आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा या काळात वर्ग रिकामा राहणार. वेळापत्रकात आधीच सुट्टी टाका, म्हणजे ‘नागा’ लिहिण्याची वेळ येत नाही.

विद्यावेतन द्या, पण सगळे शेवटी एकरकमी देऊ नका. हजर दिवसाला १०० रुपये, दर शनिवारी, बँक खात्यात. या घरांत पगार आठवड्याचा, उधारी आठवड्याची, बचत गटाचा हप्ताही अनेकदा आठवड्याचा. महिनाअखेरीला मिळणाऱ्या पैशाला इथे फारशी किंमत नाही. उचल मात्र देऊ नका. एकदा उचल दिली की संस्था आणि कारखानदार यांत फरक उरत नाही. फी थोडी घ्या, महिन्याला ५०-१०० रुपये, आणि ज्याला तेही जड जाते त्याला चारचौघांत न बोलता माफ करा. फीचे पैसे खात्यात वेगळे ठेवून नोकरीचे तीन महिने पूर्ण झाले की परत दिले, तर मूल भेटायला येते आणि ते कुठे काम करते हेही कळते.

आता धंदा कोणता. सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल आठवतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी पहिला कोर्स मागाचा घेऊ नका. माग हॉलमध्ये बसवायचा तर पाया, आवाज, थ्री फेज, सूत, बीम, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. शिवाय मागावरचा खरा तुटवडा जॉबरचा आहे. जॅकार्ड, डॉबी किंवा टेरी माग जोडून देणारा माणूस चार महिन्यांत तयार होत नाही. तो कारखान्यातच घडतो आणि त्याला काही वर्षे लागतात. वाढीच्या टप्प्यात हे कारखान्याच्या आत करता येईल. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

तुमच्या हॉलला आणि पैशाला जमणारा पहिला कोर्स म्हणजे औद्योगिक शिलाई, तीही शालेय गणवेशाची. सोलापूरचा गणवेश राज्याबाहेरही जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून पूर्व भागातल्या गल्लीबोळांपर्यंत लहानमोठी युनिट आहेत. मुलगी बाहेर कामाला गेली नाही तरी घरी पीसवर काम मिळते. मात्र घरगुती मशीनवरचा ‘शिवणक्लास’ आणि औद्योगिक शिलाई यांत गल्लत नको. ब्लाउज-पंजाबी ड्रेस शिकवणारे क्लास शहरात गल्लोगल्ली आहेत. तिथून बाहेर पडलेली मुलगी युनिटमध्ये जुकीवर, म्हणजे वेगवान औद्योगिक मशीनवर, बसली की पायाखालच्या वेगालाच घाबरते.

मशीन घेण्याआधी एक महिना फक्त युनिट फिरा. पाच-सहा मालकांकडून पत्र घ्या. ‘प्रशिक्षित कामगार घेऊ’ असे गुळमुळीत पत्र काही कामाचे नाही. कोणत्या ऑपरेशनला माणूस लागतो (कॉलर, कफ, पट्टी, खिसा, चेन, बेल्ट), तासाला किती नग अपेक्षित आहेत, ट्रायल कशी घेतात, सुरुवातीचा पगार किती, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, सुटण्याची वेळ काय, हे सगळे लिहून घ्या. जो मालक हे लिहून देत नाही त्याच्याकडे पुढेही मुले टिकत नाहीत. ट्रायलचा नमुना तुकडा मागून आणा. तुमच्या अंतिम परीक्षेचा पेपर तोच.

हॉलची मांडणी. औद्योगिक मशीनचे टेबल साधारण चार फूट बाय पावणेदोन फूट असते. बसायची जागा आणि वाट धरून एका मशीनला ३० चौरस फूट धरा. २० मुलांच्या तुकडीला २० मशीन लागत नाहीत. १२ सिंगल नीडल लॉकस्टिच (साधी सरळ शिवण घालणारी) आणि ३ ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी) पुरतात. उरलेली पाच मुले पाळीपाळीने कटिंग, इस्त्री, धागे कापणे आणि तपासणीवर असतात. कारखान्यातही लाइन अशीच चालते, आणि नुसते मशीन चालवता येणाऱ्यापेक्षा तपासणी कळणारा कारागीर लवकर वर जातो. काज-बटणाचे मशीन आत्ता घेऊ नका. ते महाग असते आणि तेवढे काम बाहेरून नगावर करून मिळते.

खर्च असा धरा. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर मशीनलाच जोडलेली) लॉकस्टिच २४ हजारांप्रमाणे १२ म्हणजे २,८८,०००. ओव्हरलॉक ३८ हजारांप्रमाणे ३ म्हणजे १,१४,०००. कटिंग टेबल आणि कटर ३५,०००, इस्त्रीचा संच २०,०००, कात्र्या-टेप-बॉबिन-बॉबिन केस-स्टूल यांचे ३०,०००. वायरिंग, अर्थिंग आणि दिव्यांचे १,२०,०००. एकूण सहा लाखांच्या थोडे वर. भाव दुकानागणिक बदलतील, पण प्रमाण बदलू देऊ नका. १५ पैकी जवळजवळ नऊ लाख हातात राहिलेच पाहिजेत. कारण एका तुकडीचा महिन्याचा खर्च बघा: निदेशक २०,०००, सहायक १३,०००, समन्वयक १७,०००, वीज ५,०००, दोरा-कापड-सुया ९,०००, दुरुस्ती-सफाई-फोन-ऑडिट ८,०००. झाले ७२,०००. वीस मुलांचे विद्यावेतन ५२,०००. बेरीज १,२४,०००. नऊ लाखांत सात महिने निघतात, म्हणजे एक तुकडी पूर्ण आणि दुसरीचे तीन महिने. त्या सात महिन्यांत पुढचा पैसा उभा करायचा. उलट १२ लाखांची चकचकीत मशीन घेऊन उद्घाटन केलेल्या शाळा तिसऱ्या महिन्यात निदेशकाचा पगार थकवतात, आणि निदेशक गेला की मशीनवर प्लास्टिकचे कव्हर चढते ते चढतेच.

जुनी मशीन घ्यायला हरकत नाही, पण क्लच मोटरची नकोत. क्लच मोटर पाय न दाबताही फिरत राहते, वीज खाते, हॉल तापवते, आणि नवशिक्याला वेग आवरत नाही. सर्वो मोटरवर कमाल वेग खाली बांधता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत तो बांधूनच ठेवा. वीजजोडणी थ्री फेज घ्या, प्रत्येक ओळीला स्वतंत्र एमसीबी आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. सुईजवळ ५०० ते ७५० लक्स उजेड लागतो. नुसत्या छताच्या ट्यूबवर तो मिळत नाही, म्हणून प्रत्येक मशीनला छोटा एलईडी दिवा. पत्र्याचे छत असेल तर एप्रिल-मेमध्ये तुकडी सकाळी ७ ते ११ करा. ४२ अंशांत घामेजल्या हाताने पांढरा शर्ट शिवला की कॉलरवर बोटे उमटतात आणि नग बाद होतो.

शिकवण्याचा क्रम. पहिले चार दिवस मशीनमध्ये दोरा घालायचा नाही. वहीच्या कागदावर सरळ रेषा, मग चौकोनात चौकोन, मग गोगलगाईसारखा वळत जाणारा गोल आखायचा आणि बिनदोऱ्याच्या सुईने त्या रेघेवर छिद्रे पाडत जायचे. कागदावर चूक लपत नाही. रेघ सुटली की छिद्र दिसते, पाय दचकला की दोन छिद्रांतले अंतर बिघडते. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून गुडघ्याने फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलायचा, कागद वळवायचा, फूट टेकवून पुढे जायचे. ही हालचाल अंगवळणी पडेपर्यंत कापड द्यायचे नाही. मुले कंटाळतात, पालकही ‘चार दिवस झाले, काहीच शिवले नाही’ म्हणतात. तरी घाई करू नका.

पाचव्या दिवसापासून दोरा, बॉबिन आणि टेन्शन (दोऱ्याचा ताण). इथे मशीनची तोंडओळख दुरुस्तीतून करून द्या. टाका सुटतोय? आधी सुई बघा: वाकडी, बोथट, किंवा उलटी बसवलेली. लॉकस्टिचला सुईची लांब खाच डावीकडे हवी. खाली दोऱ्याचा गुंता होतोय? बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. दोरा सारखा तुटतोय? सुईचे नाक खरबरीत झाले असेल किंवा जाड दोऱ्याला बारीक सुई लावली असेल. शर्टिंगला ११ नंबर, गणवेशाच्या सूटिंगला १४, जाड कापडाला १६. लॉकस्टिचची सुई डीबी×१, ओव्हरलॉकची डीसी×१. दोन्ही डबे एकाच कपाटात ठेवले की अदलाबदल ठरलेली, म्हणून डब्यांना वेगळे रंग द्या. तेलाची पातळी टाकीतल्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे रोज पहिल्या पाच मिनिटांत बघायचे, आणि मग चिंधीवर फूटभर टाका मारून तेलाचे डाग येत नाहीत याची खात्री करायची. पांढऱ्या गणवेशावर तेलाचा ठिपका म्हणजे मालकाच्या शिव्या.

दुसरा आणि तिसरा आठवडा साध्या शिवणी, इंचाला १० ते १२ टाके, कडेपासूनचे अंतर एकसारखे. चौथ्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत सुटे भाग: खिसा, पट्टी, कफ, कॉलर, फ्रॉकची चुणी, पँटची चेन, बेल्ट. प्रत्येक भाग निदेशकाने आधी न बोलता पूर्ण वेगात करून दाखवायचा, मग थांबत थांबत सांगून, मग मुलाने बोलत करायचा आणि शेवटी एकट्याने. अकराव्या आठवड्यापासून पूर्ण शर्ट, पिनाफोर, हाफ पँट. शेवटचे पाच आठवडे वेग. युनिटला तासाला ४० पट्ट्या हव्या असतील तर एका पट्टीला ९० सेकंद येतात. भिंतीवर घड्याळ, हातात वही, प्रत्येकाने आपला आकडा स्वतः लिहायचा. कोर्स संपताना कारखान्याच्या ६०-७० टक्के वेग आला तरी पुरे, उरलेला तिथल्या लाइनवर महिन्या-दोन महिन्यांत येतो. मात्र दर्जा ढिला ठेवून वेग वाढवू नका. बाद नगाची दुरुस्ती पीसवरच्या मजुरीतून जाते, हे मुलांना गणित करूनच दाखवा. मजुरीचा हिशेब, हजेरी कार्ड, पगारपत्रकावरची कपात वाचणे, पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) म्हणजे काय, यासाठी आठवड्याला दोन तास राखून ठेवा. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली होणाऱ्या भाषणांपेक्षा याचा उपयोग जास्त.

निदेशक मिळवणे हे सगळ्यात अवघड काम आहे आणि सगळ्या शाळा तिथेच कच्च्या राहतात. उत्तम कारागीर बहुधा वाईट शिक्षक असतो. मुलाचा हात अडला की तो त्याच्या हातातून कापड काढून घेतो आणि स्वतः शिवून देतो. युनिटमध्ये सुपरवायझर किंवा नमुने काढणारी म्हणून काम केलेली, चाळिशी ओलांडलेली बाई शोधा. तिला तुकडी सुरू होण्याआधी महिनाभर पगार देऊन अभ्यासक्रम तिच्याकडूनच लिहून घ्या आणि चार मुलींवर सराव करू द्या. तेलुगू यायला हवे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत मुलींना मराठी समजते, पण चूक आईच्या भाषेत सांगितली की लवकर सुधारते. कन्नड आणि दखनी बोलणारा सहायक मिळाला तर उत्तम. सहायक पहिल्या तुकडीपासून ठेवायचाच. खर्च जास्त वाटेल, पण दुसरी तुकडी त्याच्याच जिवावर सुरू होणार आहे.

नोंदणीचे आता उरकतो. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासदांनी संस्था नोंदवली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामे सोलापूरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. नुसता विश्वस्त न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी हेही पर्याय आहेत. सात विश्वासू माणसे असतील तर संस्था सोपी पडते. विधानपत्रातल्या उद्देशांत व्यवसाय प्रशिक्षण, प्रशिक्षणाचा भाग म्हणून उत्पादन व त्याची विक्री, विद्यावेतन, वसतिगृह आणि रोजगार मेळावे हे शब्द आजच घाला. उद्देश नंतर वाढवायचा तर पुन्हा सभा, ठराव, अर्ज. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. तो तुंबला की देणगीदारासमोर ‘अधिकृत अध्यक्ष कोण’ इथूनच वाद. जागा विकायला किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायला, आणि संस्थेसाठी कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हॉल तोंडी शब्दावर घेऊ नका. वापराचा करार लेखी, पाच वर्षांचा आणि नोंदणीकृत हवा. हितचिंतकाची पुढची पिढी तेवढी हितचिंतक असतेच असे नाही.

त्याच वर्षी आयकराच्या दोन नोंदी करून घ्या: संस्थेला करमाफीची आणि देणगीदाराला सवलतीची (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखल्या जातात त्या). कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर त्या लागतातच, शिवाय सीएसआर-१ नोंद आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पहिल्या दिवसापासूनची हजेरी, विद्यावेतनाची यादी, ऑडिट आणि नोकरीची पत्रे ही तीन वर्षांनंतरची तुमची भांडवली ठेव आहे. फी आणि जॉबवर्क (बाहेरच्या ऑर्डरी मजुरीवर शिवून देणे) मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांकडे सरकू लागली की जीएसटीबद्दल सीएला विचारा. प्रशिक्षण आहे म्हणून सरसकट सूट मिळते, हा गैरसमज आहे.

प्रमाणपत्राचे काय? महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची संलग्नता घेता येते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे त्यांचे कोर्स आहेत. दुसऱ्या वर्षी अर्ज करा. शिलाई युनिटचा मालक प्रमाणपत्र बघत नाही, ट्रायल बघतो. मात्र बँकेत कर्जाला गेलेल्या मुलीला कागद लागतो. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. तिथे अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पुढे एक लाख व दोन लाख अशा दोन टप्प्यांत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते, पण कुटुंबातल्या एकालाच. घरी मशीन टाकणाऱ्या मुलींचे अर्ज तुमच्या समन्वयकाने भरून द्यावेत.

सरकारी प्रशिक्षण योजना पहिल्या तीन वर्षांत घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत. योजना वाईट नाहीत. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत ७० टक्के मुलांना नोकरी लावण्याची अट आहे, ती योग्यच. अडचण पैशाच्या वेळेची असते. रक्कम हप्त्यांनी येते, शेवटचा हप्ता नोकऱ्यांच्या पडताळणीनंतर, आणि मधले महिने पगार तुम्हाला खिशातून द्यायचे. सहा महिन्यांचा संपूर्ण खर्च बँकेत पडून असेल तरच हात घाला. नसेल तर संख्या गाठण्यासाठी कोणालाही वर्गात बसवण्याचा मोह होतो, आणि तिथून शाळा कागदावर चालू लागते.

मुलांची निवड करताना वय बघा. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांत ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर बंदी आहे, आणि युनिट १८ च्या आतले घेतही नाहीत. म्हणून कोर्स संपताना १८ पूर्ण होतील अशांनाच घ्या. १५-१६ च्या मुलाला रात्रशाळेकडे किंवा बाहेरून दहावीला बसण्याच्या फॉर्मकडे वळवा. आधार, बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका. ते काढून देणे हे समन्वयकाचे पहिल्या महिन्याचे काम आहे. सेटलमेंट भागातल्या, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे वसवले त्या वस्तीतल्या, मुलांसाठी आणखी एक काम असते. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण पत्त्याला चिकटलेला संशय गेलेला नाही. अशा मुलाला एकट्याने ट्रायलला पाठवू नका. समन्वयक सोबत जावा आणि पहिले तीन महिने संस्थेने लेखी हमी द्यावी.

नोकरी लागल्यावरचे पहिले १५ दिवस सर्वात धोक्याचे. मुलगी काम सोडते ते शिलाई जमत नाही म्हणून क्वचितच. शेअर रिक्षाचे पैसे पगारात बसत नाहीत, सुटायला आठ वाजतात, सुपरवायझर आरडाओरडा करतो, डबा खायला जागा नाही, ही कारणे असतात. म्हणून एका युनिटला किमान तिघी एकत्र पाठवा, तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी समन्वयकाने प्रत्यक्ष जावे, मग १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी नोंद घ्यावी. मोबाइल नंबर बदलतात, त्यामुळे आईचा आणि एका शेजारणीचा नंबर आधीच लिहून ठेवा. ‘नोकरी लागली’ हा आकडा कोणीही दाखवतो. तुम्ही सहा महिन्यांनी टिकलेल्यांचा दाखवा.

तुकडीचे कॅलेंडर हंगामाला जोडा. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तोवर माल पोहोचायचा असतो, म्हणून युनिटला जानेवारीपासून माणसे लागतात. सप्टेंबरमध्ये सुरू होऊन दिवाळी धरून जानेवारीच्या सुरुवातीला संपणारी तुकडी सर्वात चांगली लागते. मे अखेरीस बाहेर पडलेल्या तुकडीला पावसाळ्यात हात चोळत बसावे लागते.

वाढीचा पहिला टप्पा म्हणजे त्याच मशीनवर दिवसाची दुसरी तुकडी. वाढीव निदेशक, वीज आणि कापड धरून महिन्याचा खर्च १,०४,००० आणि ४० मुलांचे विद्यावेतनही १,०४,०००. चार महिन्यांचे ८,३२,०००, म्हणजे एका मुलामागे २०,८००. एका तुकडीत हाच आकडा २४,८०० होता. देणगीदाराला हीच फोड दाखवा: निम्मा पैसा थेट मुलाच्या घरात जातो.

दुसरा टप्पा जॉबवर्क. शिकता शिकता गावाची खरी कामे करायची, ही पद्धत पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून रुजवली, आणि ती चालते. पण गणवेशाच्या ऑर्डरीत एक सापळा आहे. चांगला हात बसलेल्या मुलीला महिनाभर नुसत्या कॉलरवर बसवले जाते, कारण ऑर्डर पोहोचवायची असते. म्हणून नियम बांधा. जॉबवर्क शेवटच्या पाच आठवड्यांतच, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही, मजुरी मुलांना पीसवर, आणि हिशेबाची वही वेगळी. ऑर्डर मोठी आली तर माजी विद्यार्थिनींचा गट करून त्यांना द्या.

तिसऱ्या वर्षी दुसरा धंदा: वायरिंग आणि मोटर-स्टार्टर. या जिल्ह्यात थ्री फेज मोटर गल्लोगल्ली आहे, शहरात मागाला आणि गावात बोअरवेलला. आठ बाय चार फुटांचे दहा प्लायवूड बोर्ड, एका बोर्डावर दोन मुले. दिव्यांना १ ते १.५ चौरस मिलिमीटर वायर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गिझर-एसीला ४. त्यानंतर डीओएल (मोटर थेट सुरू करणारा) आणि स्टार-डेल्टा (मोठी मोटर टप्प्याने सुरू करणारा) स्टार्टर, सबमर्सिबलचा पॅनेल, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासणे. घरांच्या छतांवर सरकारी अनुदानातले सोलर येत आहे, त्याची जोडणी शेवटच्या महिन्यात. इथे कच्चा माल वाचवणे हाच रोग असतो. निदेशक वायरचे बंडल कपाटात ठेवतो आणि मुले खडूने फळ्यावर वायरिंग करतात. महिन्याला मुलामागे किती मीटर वायर आणि किती स्विच लागले, याची नोंद कमी दिसली तर ती बचत समजू नका, चौकशी करा. आणि कोर्सचे प्रमाणपत्र म्हणजे वायरमनचा परवाना नव्हे, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

मागाचे काम इथे येते. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात. ४ ते २९ कामगारांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. टॉवेल कारखान्यात एका जॉबरच्या हाताखाली दोन मुले वर्षभर, आणि आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे ड्रॉइंग, मोजमाप व मोटरचे शिक्षण. माग विकत न घेता जॉबर तयार करायचा हाच रस्ता आहे. जॉबरला प्रत्येक मुलामागे मानधन द्या, नाहीतर तो हातचे राखून शिकवतो.

दुसरे केंद्र अक्कलकोटला काढावे की मोहोळला, हा प्रश्न चौथ्या वर्षी येईल. तेव्हा जागा कोण देतो यापेक्षा तिथे कोण शिकवणार हे बघा. पहिल्या केंद्रातला सहायक दोन तुकड्या स्वतंत्रपणे चालवून झालेला असेल आणि त्याच्या जागी पुढचा सहायक तयार असेल, तरच मशीनची ऑर्डर द्या. नसेल तर ते वर्ष आहे त्याच हॉलमध्ये काढा आणि देणगीदाराला तसे स्पष्ट कळवा.